गोझोला फोटो काढायला जाताना: आधी वारा बघा, मग किनारा

कोकणात समुद्रावर फोटो काढायला निघायचं तर आदल्या रात्री भरती-ओहोटीची वेळ बघायची, ही सवय हाडात मुरलेली. गोझोला पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी मी तेच केलं. मोबाईलवर भरतीचं कोष्टक शोधत बसलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी डोकावून पाहिलं आणि हसल्या. म्हणाल्या, "इथे भरती कुणी बघत नाही, वारा बघतात." भूमध्य समुद्राच्या या भागात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. ओहोटी लागून खडक उघडे पडतील म्हणून थांबलात, तर थांबूनच राहाल. तिथल्या नऊ दिवसांत फोटोग्राफीबद्दल मी जे शिकलो त्यातलं अर्धं या एका वाक्यात होतं, म्हणून लेखाची रचनाही त्याच बेताने केली आहे.

गोझो हे माल्टा देशाचं दुसरं मोठं बेट. लांबी सुमारे १४ किलोमीटर, रुंदी ७, क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर, वस्ती चाळीसेक हजार. मोठ्या माल्टा बेटावर गर्दी, क्रेन आणि वाहतूक. इकडे दगडी कुंपणांची शेतं, सपाट माथ्याच्या टेकड्या आणि प्रत्येक गावात गावाच्या मानाने फारच मोठं चर्च. बेट इतकं छोटं आहे की कुठूनही कुठल्याही किनाऱ्यावर गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं. फोटोग्राफरला याचा फायदा असा, की ठिकाण आठवडाभर आधी ठरवावं लागत नाही, आदल्या रात्री ठरवलं तरी चालतं.

कधी जायचं

पावसाचं गणित आपल्या उलट आहे. आपल्याकडे जुलैत डोंगर हिरवेगार होतात, तेव्हा गोझो वाळून पिवळं पडलेलं असतं. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे हिरवळ आणि रानफुलं हवी असतील तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा मध्य. मिठागरांत काम चालू असलेलं पाहायचं असेल तर मे ते सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन चटके देतं, आकाश दिवसभर कोरं असतं आणि मुख्य बेटावरून पोहायला येणाऱ्यांची झुंबड उडते. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध. समुद्र अजून उबदार असतो, मिठाचा हंगाम संपत आलेला पण संपलेला नसतो, आणि पहिले ढग यायला लागतात. ढग नसलेल्या सूर्यास्ताचे फोटो चार दिवसांनी एकसारखेच दिसायला लागतात.

सूर्याच्या वेळा लक्षात ठेवा. जूनमध्ये सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास आणि सूर्यास्त रात्री सव्वाआठनंतर. डिसेंबरमध्ये सूर्य सातनंतर उगवतो आणि पाचच्या आतच मावळतो. उन्हाळ्यात दोन्ही वेळा गाठायच्या म्हटल्या तर दुपारी झोप काढावीच लागते. गाव तेव्हा तसंही बंद असतं.

कागदपत्रं आणि प्रवास

माल्टा शेंगेन गटात आहे, चलन युरो. व्हिसाच्या फाइलीत किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. आपल्याकडून थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून बदलून जावं लागतं. लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण माल्टात ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट असतात, हे विसरलं जातं. युरोपला चाललोय म्हणून दोन गोल पिनांचा अडॅप्टर घेतलात तर पहिल्याच रात्री बॅटरी चार्ज होणार नाही.

विमानतळावरून बस किंवा टॅक्सीने मुख्य बेटाच्या वायव्य टोकाला, चिरकेवाला जायचं. तिथून फेरी सुमारे २५ मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदरात सोडते, आणि ती रात्रीही चालू असते. जाताना तिकीट मागत नाहीत. पैसे परतताना इम्जारला घेतात. पहिल्यांदा जाणारा माणूस तिकीट खिडकी शोधत उगाच फिरतो, मीही फिरलो. राजधानी वालेटाहून थेट वेगवान बोटही आहे, ती पाऊण तास घेते. पण समुद्र खवळला की तिचं काही खरं नसतं.

बेटावर फिरायला छोटी गाडी घ्या. ब्रिटिश राजवटीची खूण म्हणून तिथे डावीकडूनच गाडी चालवतात, त्यामुळे आपल्याला सवय लावावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र बरोबर असू द्या. बसनेही फिरता येतं, फक्त बहुतेक बस व्हिक्टोरिया या मधल्या गावातून सुटतात आणि तिथेच परततात. पहाटे पाचला बसच्या भरवशावर कुठला किनारा गाठता येणार नाही.

नावांचे उच्चार आधी शिकून घ्या. माल्टी भाषा मुळात अरबी वळणाची, पण रोमन लिपीत लिहिली जाते. 'एक्स' हे अक्षर तिथे 'श' असतं. बसमध्ये चढून मी 'क्सलेंडी' म्हणालो. ड्रायव्हर निघाला आपला पंजाबी भाऊ, त्याने "श्लेंडी बोलो जी" म्हणत दुरुस्त केलं. गोझोलाही तिथले लोक 'आउदेश' म्हणतात.

रोज रात्रीचं काम: वाऱ्याची दिशा

जेवण झालं की हवामानाच्या अॅपवर दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा आणि वेग बघायचा. तिथल्या कोळ्यांची वाऱ्यांना नावं आहेत, ती पाठ करायला सोपी.

वायव्येकडून येतो तो मय्यिस्त्राल. वर्षभर सगळ्यांत जास्त हाच वाहतो. तो असला की उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर लाटा फुटतात, आणि दक्षिणेला इम्जार इश्शीनीसारखी अरुंद खाडी आरशासारखी शांत असते. ईशान्येचा ग्रिगाल. तो आला की उत्तर किनाऱ्यावरच्या राम्ला आणि मार्सालफोर्नकडे पाणी उसळतं, अशा वेळी पश्चिमेला द्वेइरा किंवा श्लेंडीला जायचं. आग्नेयेकडून येणाऱ्याचं नाव ऐकून मराठी माणसाला गंमत वाटेल: श्लोक्क. हा सहारातून दमट, ऊबदार हवा आणि कधी कधी धूळही घेऊन येतो. आकाश दुधाळ होतं, लांबचं काही नीट दिसत नाही. बाकीचे लोक वैतागतात, पण धुळीमुळे सूर्य तांबड्या गोळ्यासारखा दिसतो, त्याच्याकडे लेन्स रोखता येते, आणि उत्तरेचा किनारा अगदी निपचित असतो.

लाटांचा जोर हवा असेल तर वारा ज्या किनाऱ्यावर आदळतोय तिकडे, प्रतिबिंब हवं असेल तर त्याच्या पाठीकडे. एवढं एक सूत्र धरलं तरी फुकट गेलेल्या पहाटा निम्म्या होतात.

मिठागरं: किमान दोनदा जा

मार्सालफोर्नच्या पश्चिमेला श्वेइनी आहे. तिथून पुढे सुमारे तीन किलोमीटर किनाऱ्याच्या खडकात चौकोनी वाफे कोरलेले आहेत. माझं आजोळ उरणचं, त्यामुळे मिठागर मला नवीन नव्हतं. पण आपलं मिठागर म्हणजे चिखलाचे बांध, खाडीचं पाणी आणि पावसाळ्याआधी संपणारा हंगाम. इथे बांध नाहीतच, सगळं पिवळट चुनखडीत खोदलेलं. समुद्राजवळच्या मोठ्या कुंडांत पाणी साठवतात, तिथून ते उथळ वाफ्यांत सोडतात. ऊन आणि वारा पाणी पितात, मीठ उरतं. पाऊस उन्हाळ्यात नाही, म्हणून हंगाम उन्हाळ्यात.

सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पोचा. गाडी रस्त्याच्या कडेला लावा आणि काही मिनिटं कॅमेरा न काढता नुसते चालत राहा, कारण वाफ्यांची नक्षी वरून जशी वाटते तशी उभ्या माणसाच्या नजरेला दिसत नाही. रस्त्याच्या उंचवट्यावरून २४ ते ३५ मिलिमीटर लेन्सने वाफ्यांच्या रेषा समुद्राकडे जाताना पकडता येतात. खाली उतरून कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणलात तर एका वाफ्यातलं आकाश अर्धी चौकट भरून टाकतं. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणून इथे दोन्ही वेळा तो समुद्रावर सापडतो. हिवाळ्यात तो आग्नेयेला, म्हणजे बेटाच्या पाठीमागून येतो, तेव्हा सूर्यबिंब नव्हे, दगडाचा पोत टिपायचा.

पोलरायझर फिल्टरबद्दल एक गोष्ट. तो फिरवला की पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. मिठागरात आपल्याला तीच चकाकी हवी असते. तेव्हा आकाश रंगलेलं असताना फिल्टर काढून ठेवा. सूर्य वर आल्यावर तळातले मिठाचे स्फटिक दाखवायचे असतील तर लावा.

तिसऱ्या दिवशी पहाटे एक गृहस्थ रबरी बूट घालून वाफ्यात उभे होते. लांब दांड्याच्या झाडूने मीठ गोळा करत होते, खर्र, खर्र, आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर झाडू उलटा करून आपटायचे. ढीग गुडघ्याएवढा झाला की पुढच्या वाफ्यात. मी दोन वाफ्यांमधल्या दगडी कडेवर उभा राहून विचारलं, फोटो काढू का? त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "आधी त्या कडेवरून खाली उतरा." दगड मऊ आहे, बुटांनी कडा झिजतात, आणि बुटाची माती मिठात पडते, हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मी उतरलो, माफी मागितली, आणि पाऊण तास रस्त्याच्या कडेला नुसता बसून राहिलो. मग त्यांनीच हाक मारली आणि सूर्य कुठून येतोय ते बघून जरा वळून उभे राहिले. त्या सहलीतला माझा सगळ्यांत चांगला फोटो तो आहे, पण त्यात चेहरा नाही. ओला झाडू, बुटांच्या टाचा आणि पांढऱ्या ढिगावर पडलेली लांबच लांब सावली.

रस्त्याच्या पलीकडे खडकात कोरलेल्या गुहांमध्ये मीठ साठवतात, आणि हंगामात तिथेच पाकिटं विकायला ठेवलेली असतात. फोटो काढलेत तर एक पाकीट घ्या.

द्वेइरा: जे राहिलं नाही त्याच्या शेजारी

गोझोचं म्हणून जे चित्र अजून कॅलेंडरांवर दिसतं, ती समुद्रात उभी असलेली दगडी कमान, ती ८ मार्च २०१७ रोजी सकाळी वादळात कोसळली. तरीही लोक येतात आणि रिकाम्या जागेचा फोटो काढून जातात. तुम्ही तिथे उभं राहून दक्षिणेकडे वळा. समोर खाडीच्या तोंडाशी फंगस रॉक हा प्रचंड कातळ उभा आहे. त्यावर उगवणारी एक वनस्पती औषधी समजून तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी तिथे पहारा बसवला होता. जवळच्या टेकडीवरचा टेहळणी बुरूज १६५२ सालचा. कातळ दक्षिणेला आहे ही गोष्ट रात्री कामाला येते. जुलै-ऑगस्टच्या अंधाऱ्या रात्री आकाशगंगेचा गाभा दक्षिणेलाच दिसतो, म्हणजे नेमका कातळाच्या डोक्यावर. बेटाच्या या टोकाला दिव्यांचा त्रास कमी. अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा. १४ ते २० मिलिमीटर लेन्स, एफ २.८ छिद्र, १५-२० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० इथून सुरुवात करा. डोक्याला बांधायचा दिवा लाल प्रकाशाचा घ्या, आणि उभं राहायची जागा दिवसाउजेडी पाहून ठेवा. खडक वाऱ्यापाण्याने खाऊन धारदार झाले आहेत आणि मध्ये खोल खड्डे आहेत.

शेजारी अंतर्गत समुद्र म्हणून ओळखलं जाणारं छोटं खारं तळं आहे. कड्यातल्या बोगद्यातून ते बाहेरच्या समुद्राला जोडलेलं आहे, आणि समुद्र शांत असेल तर कोळी छोट्या होड्यांतून पलीकडे नेऊन आणतात. होडीत पुढच्या टोकाला बसा आणि बोगद्यात शिरण्याआधी आयएसओ वाढवून ठेवा. आत अंधार, समोर निळं भोक. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर गोंधळतं. उजेडासाठी एक्स्पोजर धरा, भिंती काळ्या पडल्या तर पडू देत.

इथेच मी माती खाल्ली. मय्यिस्त्राल जोरात होता, लाटा खडकावर फुटत होत्या, मी अगदी काठाशी तिपाई लावून तीस सेकंदांचे फोटो काढत होतो. फिल्टरवर तुषार उडाले, मी शर्टाच्या टोकाने पुसले. खारं पाणी सुकलं की मिठाचे कण राहतात. त्यांनी फिल्टरवर जे ओरखडे काढले ते कायमचे. आता मी गोड्या पाण्याची छोटी बाटली आणि दोन फडकी ठेवतो: आधी ओलं फडकं, मग कोरडं. घरी आल्यावर तिपाईचे पाय उघडून नळाखाली धुवायचे, नाहीतर चौथ्या दिवशी ते आत सरकत नाहीत. आणि मोठ्या लाटा असताना काठापासून लांब राहायचं. पाच मिनिटं नुसतं उभं राहून सगळ्यांत मोठी लाट कुठवर येते ते बघा, त्याच्या बऱ्याच मागे तिपाई लावा.

कमानच हवी असेल तर आर्ब गावाच्या उत्तरेला वीद इल मीलाह इथे एक लहान नैसर्गिक कमान अजून उभी आहे. बाजूच्या कड्यावरून ती चांगली दिसते. तिच्या डोक्यावर चढून फोटो काढू नका. द्वेइराच्या कमानीवरही माणसं चढत होती.

दगडी गाव आणि त्याहून जुना दगड

दुपारचं ऊन वाया घालवायचं नसेल तर व्हिक्टोरियाच्या मधोमध टेकडीवर असलेल्या चितादेल्ला या किल्ल्यात जा. अरुंद गल्ल्यांत सावली आणि ऊन यांची सरळ रेघ पडते, मधाच्या रंगाचा दगड एका बाजूने उजळतो. मीटर अशा उजळ दगडाला फसतं आणि फोटो काळपट काढतं. एक्स्पोजर साधारण दोन तृतीयांश स्टॉप वाढवा, पण हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, नजर ठेवून. १५५१ मध्ये तुर्कांच्या आरमाराने हा किल्ला घेऊन बेटावरचे जवळपास सगळे लोक गुलाम करून नेले. त्या भीतीपोटी १६३७ पर्यंत कायदाच होता की बेटावरच्या लोकांनी रात्री झोपायला किल्ल्यात यायचं. तटावर उभं राहून संध्याकाळी चहूबाजूंना पाहिलं की ही गोष्ट डोळ्यांना पटते. कुठूनही कोणी आलं तरी इथून दिसतं. टेलिलेन्स घेऊन या, एकामागे एक चर्चचे घुमट दाबून एका चौकटीत घेता येतात.

शारा गावातली जगांतीयाची मंदिरं इसवी सनापूर्वी ३६०० च्या आसपासची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी. त्यांचं तोंड आग्नेयेला आहे, म्हणून सकाळचं ऊन दर्शनी भिंतीवर पडतं. अडचण अशी की दार पहाटे उघडत नाही. उन्हाळ्यात दार उघडेपर्यंत सूर्य डोक्यावर चढलेला असतो. हिवाळ्यात मात्र त्याच वेळी तो अजून खाली असतो आणि दगडावरचे खड्डे-उंचवटे उठून दिसतात. तिपाई वापरायची तर दारावर विचारा.

ता चेंचचे दक्षिणेकडचे उंच कडे, राम्लाची तांबूस वाळू, आस्रीची चिंचोळी घळ यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एकेक संध्याकाळ द्या. कड्यांना कठडे नाहीत एवढं ध्यानात असू द्या.

माणसं, जत्रा, आणि 'आरटीओ'

उन्हाळ्यात गावोगाव संतांच्या जत्रा असतात. त्यांना फेस्ता म्हणतात. २९ जूनला नादुर, जुलैच्या तिसऱ्या रविवारी व्हिक्टोरियात सेंट जॉर्ज, १५ ऑगस्टला सांता मारिया, ८ सप्टेंबरला शारा. खांद्यावरून मूर्तीची मिरवणूक, बँड, गॅलऱ्यांतून उधळलेले कागदाचे कपटे. गणपतीच्या मिरवणुकीत फोटो काढलेल्या माणसाला काही शिकवायला नको. पुढे पळा, मिरवणूक आपल्याकडे येऊ द्या, आणि मूर्ती उचलणाऱ्यांची वाट अडवू नका. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, फ्लॅश नको, प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खालीच.

रानात दगडांवर रंगाने 'आरटीओ' लिहिलेलं दिसेल. आपल्या गाडीच्या कागदपत्रांशी त्याचा काही संबंध नाही. जागा खाजगी, शिकाऱ्याने राखून ठेवलेली, असा त्याचा अर्थ. शरद ऋतूत पहाटे बंदुकीचे बार ऐकू येतात. तिथून शॉर्टकट मारू नका.

ड्रोन न्यायचा असेल तर युरोपीय संघाची नोंदणी निघण्याआधीच ऑनलाइन करून घ्या. कॅमेरा असलेला ड्रोन २५० ग्रॅमहून हलका असला तरी नोंदणी लागते. उंचीची मर्यादा १२० मीटर. मला स्वतःला त्या बेटावर ड्रोनची घरघर जड वाटली आणि मी तो दुसऱ्या दिवसानंतर काढलाच नाही.

बॅग आणि पोट

एक वाइड झूम, एक ७०-२०० सारखी टेलि, एक हलकी ३५ किंवा ५०, भक्कम तिपाई, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर. याहून जास्त नेलंत तर वाऱ्यात लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ आणि मीठ दोन्ही बसेल. लेन्स गाडीत बसून बदला. रोज रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या. पहाटे बेकरीतून मटारचं सारण भरलेली पास्तित्सी घेतली की शाकाहारी माणसाचंही काम भागतं, आणि गोझोचं छोटं, गोल शेळी-मेंढीचं चीज पावाबरोबर छान लागतं.

परतीच्या फेरीत वरच्या डेकवर मागच्या बाजूला उभे राहा. इम्जारच्या टेकडीवरचं चर्च आणि बंदरातल्या रंगीत होड्या मागे सरकत जातात, तेवढ्यात बोटीच्या डाव्या अंगाला कोमिनो या मधल्या छोट्या बेटावरचा बुरूज येतो. १०० ते १५० मिलिमीटर पुरे. आणि मिठाचं पाकीट कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. दोन पिशव्यांत गुंडाळून कपड्यांच्या बॅगेत ठेवा. माझं फुटलं होतं.